अकरा दारांची नरसव्वा

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेलं हे वाचायच्या आधीच कळलं. मोडनिंबला आमच्याकडे टपाल दुपारी येतं, आणि माझ्या वयाच्या माणसाला येणाऱ्या कार्डांतल्या निम्म्यांचे कोपरे हल्ली फाडलेलेच असतात, तेव्हा दचकलो वगैरे नाही. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सगळ्यांत आधी, नावाच्याही आधी, घर नंबर लिहिलेला होता. असा पत्ता घालणारं घर मला उभ्या सोलापुरात एकच ठाऊक होतं. मजकूर चार ओळींचा. “आई गुरुवारी सकाळी गेली. मागावर बसली होती. यंदाची घरपट्टी भरून गेली. आपणांस कळावे. व्यंकटी.” तिसरी ओळ वाचून मला हसू आलं आणि मग चष्मा काढून ठेवावा लागला. आमच्या मंडळींनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, नरसव्वा. त्या म्हणाल्या, “मग आज या घरात तरी घरपट्टीला नावं ठेवू नका.”

मी सोलापूरच्या म्युनिसिपालिटीत घरपट्टीचा कारकून होतो. हे सांगितलं की अजूनही समोरचा माणूस जरा सावरून बसतो. हातात मोजायची फीत, काखेत वही, मागे डांबराचा डबा आणि कुंचला घेतलेला शिपाई, असे आम्ही गल्लीत शिरलो की बायका पोरांना आत ओढून दार लावून घ्यायच्या. सासऱ्यांनी मुलगी दिली ती मी ‘म्युनिसिपालिटीत आहे’ एवढंच ऐकून. कुठल्या खात्यात ते कळल्यावर कुर्डुवाडीला रेल्वेत असलेले आमचे मेहुणे वर्षभर माझ्याशी बेतानेच बोलत. कामाची रीत सोपी होती. रस्त्यावर उघडणारं दार बघायचं, चौकटीवर डांबराने नंबर टाकायचा, नंबर वहीत उतरवायचा, आणि वहीवरून पट्टी आकारायची. दार नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर पट्टी नाही. ही रीत ज्याने घालून दिली तो हुशार असेल, पण त्याने सोलापूरचे मागवाले पाहिलेले नव्हते.

शहर त्या वर्षांत नुसतं फुगत होतं. गिरण्यांचे भोंगे माणसं बोलावत होते, तेलंगणातून विणकरांची बिऱ्हाडं मागाची लाकडं गाडीत घालून येत होती, होटगीच्या बाजूने कानडी बोलणारी कुटुंबं येत होती. गेल्या गड्ड्याच्या जत्रेला जिथे बाभळी होत्या तिथे या जत्रेला चुली पेटलेल्या असायच्या. आमची वही मात्र बैलगाडीच्या चालीने चालायची. अशातच मला एकदा गिरणीमागच्या वस्तीची मोजणी सांगितली. गेलो तर एक लांबच लांब मातीची भिंत, वर हातभर झरोके, आणि एका टोकाला एक दार. दारात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून एक बाई विणत बसलेली, पस्तिशीची असेल, काळीसावळी, कपाळ मोकळं. हातातला धोटा तिने थांबवला नाही. मी विचारलं, हे घर कुणाचं? ती म्हणाली, माझंच की. मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे बघून म्हटलं, एवढं मोठं? त्यावर ती म्हणाली, माणसं लई हायत घरात.

भिंतीवर अकरा ठिकाणांहून धूर निघत होता. एकत्र कुटुंब कितीही भांडकुदळ असलं तरी अकरा चुली मांडत नाही, हे मला कळत होतं. झालं होतं असं की त्या आळीतल्या अकरा घरांनी रस्त्याकडची दारं मातीने लिंपून बुजवली होती आणि आतल्या आत घराघरांमधल्या भिंतींना माणूस वाकून जाईल एवढी भोकं पाडली होती. टोकाचं पहिलं घर नरसव्वाचं, ती विधवा, तेव्हा तिला पट्टी कमी लागेल असा कुणीतरी शहाणपणाचा हिशेब काढून दार फक्त तिचं ठेवलं होतं. अकरा घरांची माणसं, शेळ्या, पाण्याच्या घागरी, लग्नाच्या वराती, सगळं तिच्या मागाच्या कडेने, भिंतीला अंग घासून बाहेर पडायचं. मी हे सगळं समजलो. तेवढ्यात तिने उठून तांब्याभर पाणी आणून दिलं. ऊन मी म्हणत होतं, मी तोंडाला लावलं, आणि ते पाणी इतकं मचूळ की घोट गिळायला जीव गोळा करावा लागला. मी तोंड वाकडं केलं नाही, संपवलं. मग वहीत लिहिलं, घर एक. ती दया होती की आळस होता, की उन्हात अकरा भिंती मोजायचा कंटाळा… आज इतक्या वर्षांनी मला तरी सांगता येत नाही.

दोन-तीन वर्षं गेली आणि घरपट्टी हा गावातला मोठा विषय झाला. जुन्या पेठांतल्या वाडेवाल्यांची ओरड होती की शहर वाढतंय ते वेशीबाहेर आणि पैसा जातोय आमच्या खिशातून. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. निवडणुकीत एक सुताचे ठोक व्यापारी पट्टी चौथाईने उतरवतो असं वचन देऊन निवडून आले. नाव लिहीत नाही, कारण त्यांचे चिरंजीव ही पुरवणी वाचतात आणि मला पत्र लिहितात. शेटजी म्हणू. शेटजी माणूस वाईट नव्हते, पण दिलेला शब्द पाळायचा तर कुठलंतरी खर्चाचं कलम खोडावं लागणार, आणि त्यांची नजर गेली ती गिरणीमागच्या वस्तीपर्यंत नेऊ घातलेल्या पाण्याच्या नळावर. तो नळ आमच्या कचेरीत मंजुरीच्या अगदी तोंडाशी आला होता. त्याच्यासाठी अर्ज केला होता नरसव्वाने, मराठी शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेऊन, खाली अंगठा उठवून.

तिला त्या नळाचं एवढं का, हे मला नंतर कळलं. वस्तीला पाणी होतं ते माळावरच्या विहिरीचं, अर्धा कोस लांब, उतरायला पंधरा-वीस निसरड्या पायऱ्या. प्यायला तेच, स्वयंपाकाला तेच, सुताला लावायची खळ शिजवायलाही तेच. व्यंकटीची बायको, अंबव्वा, दिवसांत होती. भरल्या पोटाने आणि भरल्या घागरीने ती त्या पायऱ्यांवरून घसरली. देव बलवत्तर म्हणून दोन्ही जीव वाचले, घागर मात्र खाली गेली. नरसव्वाने सुनेला पाठीवर घेऊन घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी धोट्याला हात लावायच्या आधी ती मास्तरांकडे गेली.

सभेच्या दिवशी मी माझी वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. शेटजींनी पट्टी उतरवण्याची सूचना मांडली, टाळ्या पडल्या, आणि मग त्यांनी नळाच्या कलमावर बोट ठेवून मला विचारलं, कारकून, त्या आळीत घरं किती आहेत? मी उभा राहिलो. वही उघडायचीही गरज नव्हती. म्हटलं, एक. आधी कुणाला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं, आणि मग सगळी सभा हसली. एका घरासाठी अर्धा कोस नळ टाकणारी म्युनिसिपालिटी जगात कुठे असेल, असं शेटजी म्हणाले आणि आणखी हशा पिकला. चीफ ऑफिसरांनी एवढंच केलं की निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. मी खाली बसलो तेव्हा माझे कान तापले होते. माझ्या हाताने लिहिलेलं खोटं माझ्याच तोंडून वदवून घेऊन लोकांनी एका वस्तीचं पाणी तोडायला घेतलं होतं, आणि कागदोपत्री ते अगदी बरोबर होतं.

ती कचेरीत आली ती दुसऱ्याच दिवशी. खिडकीसमोर उभी राहिली, पदर कमरेला खोचलेला, बोटांना सुताची खळ तशीच. तिने शांतपणे विचारलं, “साहेब, एक घर कुणी लिवलं?”

मी म्हटलं, “तुम्हीच सांगितलं होतंत.”

“मी खोटं बोलले. तुमी का ऐकलं?”

मी काहीतरी नियम सांगायला लागलो, रस्त्याला नंबर किती त्यावर नळ ठरतो, मी काय करणार वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे आमी पट्टी चुकवली न्हाय, पाणी चुकवलं. आणि चालती झाली. कचेरीतल्या मोठमोठ्या पगाराच्या माणसांना जे कधी नीट मांडता आलं नव्हतं ते ती खिडकीत उभ्याउभ्या बोलून गेली होती.

पुढचं मला व्यंकटीने सांगितलं, राजय्याने सांगितलं आणि अंबव्वानेही सांगितलं. तिघांच्या हकिकतीत फरक आहे तो फक्त राजय्या किती ओरडला एवढ्याचाच. नरसव्वाने अकरा घरच्यांना बसवलं आणि सांगितलं, दारं फोडा, नंबर घ्या, पट्टी भरा, मग नळ येतो. लोकांना वाटलं विहिरीवरून पडली ती सून आणि डोक्याला लागलं सासूच्या. सगळं जग पट्टी चुकवतंय आणि ही मागायला निघाली! सगळ्यांत जास्त तापला तो राजय्या, शेजारच्या दुसऱ्या घरातला. तो म्हणाला, या भिंतीला दार पडलंच तर माझं मढं न्यायला पडेल, पट्टीवाल्याला आत घ्यायला न्हाय. नरसव्वाने वाद घातला नाही. उठून घरी गेली आणि नवा ताणा पसरायला घेतला.

इथे वाचकांना एक सांगायला हवं. ताणा म्हणजे मागावरचं उभं सूत. महिनाभराची मेहनत आणि उधारीवर आणलेलं सूत त्या दोऱ्यांत ताणलेलं असतं. त्या आळीत पसरलेला ताणा कुणी ओलांडत नाही. रांगणाऱ्या पोराला पहिली शिकवण मिळते ती हीच. कुणाचा पाय चुकून ताण्यावरून गेला तर त्याने ताण्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि मुद्दाम ओलांडायचा तर प्रश्नच नाही. त्यापेक्षा माणूस उपाशी बसेल. नरसव्वाने त्या दिवशी काय केलं, तर माग हलवून घेतला आणि ताण्याचं दुसरं टोक बांधलं ते दाराच्या पलीकडच्या खुंट्याला. सूत बरोबर उंबऱ्यावरून गेलं, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. मग खड्ड्यात पाय सोडून बसली आणि विणायला लागली. तिचं घर, तिचा माग, तिचं सूत. बोलणार काय?

सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि अकरा घरांतली माणसं नेहमीप्रमाणे भोकाभोकांतून वाकत तिच्या घरात आली आणि ताण्यासमोर येऊन थांबली. पुढचे थांबले म्हणून मागचे थांबले. शेळ्या ओरडायला लागल्या. कुणी म्हणालं सरकव, कुणी म्हणालं सोड, कुणी तेलुगूत तिच्या माहेरचा उद्धार केला. पण पाय एकाचाही उचलला गेला नाही. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, “लुगडं व्हायला पंधरा दिवस लागत्याल. घाई आसंल त्यानं आपलं दार उघडावं.”

पहिली पहार पडली ती सातव्या घरात, तिथल्या माणसाची गिरणीतली पाळी चुकत होती. त्याच्या मागे आठवं, मग पाचवं. व्यंकटी सांगतो की ऊन वर येईपर्यंत सगळ्या भिंतीतून धडाधड आवाज यायला लागले, मातीची ढेकळं रस्त्यावर पडायला लागली, आणि प्रत्येक भोकातून आधी धूळ, मग एक हात, मग माणूस असं बाहेर यायला लागलं. वर्षानुवर्षं अंधारात असलेल्या घरांत उजेड शिरला. बायका दारात उभ्या राहून एकमेकींना पहिल्यांदाच समोरासमोर बघितल्यासारख्या हसत होत्या. कुणीतरी हळद-कुंकू आणलं आणि ताज्या फोडलेल्या चौकटींना बोटं ओढली. आणि एकदा दार झाल्यावर प्रत्येकाला वाटायला लागलं की शेजाऱ्याने आपल्या चुलीवरून का जावं, म्हणून आतली भोकं बुजवायची दुसरी घाई सुरू झाली. फक्त राजय्या हटला नाही. दोन दिवस तो तिसऱ्या घरातून ये-जा करत होता. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या घरानेही भोक लिंपलं. एकीकडे ओली माती, दुसरीकडे नरसव्वाचा ताणा, आणि बाजारात द्यायचे पंचे खांद्यावर घेऊन मधे राजय्या. त्याने तासभर शिव्या दिल्या आणि मग पहार मागितली. ती भोकातून आत सरकवली नरसव्वानेच.

त्याच दिवशी ती राजय्याच्या नव्या दाराने निघून कचेरीत आली आणि म्हणाली, दारं उघडली, नंबर टाकायला या. माझ्या सगळ्या नोकरीत मला पट्टी लावायला बोलावणारं माणूस हे पहिलं आणि शेवटचं. पण माझं काय? नंबर टाकणं म्हणजे आधीचं माझं लिहिणं खोटं होतं हे कबूल करणं. मुलं लहान होती. रात्रंदिवस विचार करावा एवढा वेळही तिने दिला नाही, कारण ती खिडकीतून हललीच नाही. मी चीफ ऑफिसरांपुढे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी नंबर टाका, तुमचं नंतर पाहू. मी डबा घेऊन निघालो. त्या आळीत मला पाहून कुणी दार लावलं नाही, उलट प्रत्येकजण आपल्या दाराशी उभा होता. आणि गंमत अशी की आजूबाजूच्या आळ्यांतही अशाच लांब भिंती होत्या, तिथल्या लोकांनी विचारलं, नंबर असला की नळ येतो का हो? मी म्हटलं, येतो. म्हणायला नको होतं, माझ्या हातात काही नव्हतं. पण त्या आठवड्यात गिरणीमागे इतकी दारं फुटली की माझं डांबर दोनदा संपलं.

पुढच्या सभेला ती आणि तिच्या आळीचे लोक मागच्या बाकांवर येऊन बसले. राजय्याही होता, सगळ्यांत स्वच्छ पंचा त्याचा. शेटजींनी नवा आकडा ऐकून मला विचारलं, मागच्या सभेत एक म्हणालात आणि आज अकरा, एका महिन्यात घरं व्यायली की काय? हशा झाला. मी उभाच होतो. म्हटलं, “मागच्या वेळी मी दार मोजलं होतं साहेब. घरं तेव्हाही अकराच होती. चूक माझी आहे.” मग चीफ ऑफिसरांनी समजावून सांगितलं की नव्या नंबरांची पट्टी धरली तर नळाचा खर्च भागतो, आणि वर जुन्या पेठांची पट्टीही उतरवता येते, चौथाई नाही पण रुपयामागे आणा. भार तोच, खांदे वाढले. शेटजी विचारात पडले. व्यापारी माणूस, तोटा नाही हे दिसल्यावर ताणून धरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठरावात मंजूर झाल्या. मागच्या बाकावरून टाळी वाजली ती राजय्याची, आणि बाकीच्यांना कळेपर्यंत तो एकटाच वाजवत होता.

माझी एक पगारवाढ रोखली गेली. मी ती कधी जड मनाने आठवली नाही. नोकरीत मिळालेल्या सगळ्या वाढी विसरलो, न मिळालेली तेवढी लक्षात आहे.

नळ आला त्या दिवशी वस्तीत लग्नघर असल्यासारखं होतं. शेटजी हार घालून आले आणि पट्टी उतरवून पाणी कसं दिलं यावर बोलले, जणू माळावरची विहीर स्वतः उपसून आणली होती. नरसव्वा हसून ऐकत होती. मी तिला म्हटलं, सगळं श्रेय तेच घेऊन चालले. ती म्हणाली, घेऊ द्या की, पाणी तर आमी घेतोय. शेटजींनी तोटी फिरवली. आधी नुसती हवा फुसफुसली, लोकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि मग हिप्परग्याच्या तलावाचं पाणी धो धो आलं. बायकांनी घागरी पुढे केल्या. नरसव्वाने आपली कळशी भरली, गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली, तांब्यात पाणी ओतलं आणि म्हणाली, “पैलं पानी तुमी तोंड वाकडं न करता प्यालात. आता हे गोड प्या.” एवढ्या लोकांसमोर मला रडू आवरेना. अंबव्वाच्या कडेवर तेव्हा महिन्या-दोन महिन्यांची मुलगी होती, तिच्याही ओठांना आजीने नळाच्या पाण्याचं बोट लावलं.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत दरसाल पट्टी भरायला पहिली ती यायची. आणि भरून झाली की खिडकी सोडायची नाही. पट्टी भरते की, हे तिचं पालुपद. पट्टी भरते की, मग दिवा कुठं हाय? दिवा आला. झाडूवाला आठवड्यातून एकदाच का? तो दोनदा यायला लागला. शाळेला खोली का न्हाय? तिला तीन वर्षं लागली, पण खोली झाली, आणि तिच्या नातीचं नाव हजेरीच्या पहिल्या पानावर लागलं. पट्टी भरणाऱ्याला मत मिळतं हेही तिला कळलं, आणि पुढच्या निवडणुकीत शेटजी अकराही दारांत जाऊन हात जोडून आले. एकदा तर ती आमच्या बिऱ्हाडी हळदीकुंकवाला आली आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, तुमच्या मालकाची मागची खोली वहीत दिसत न्हाय. ती खरंच नव्हती. मी दुसऱ्या दिवशी फीत घेऊन स्वतःच्या घरमालकाच्या दारात गेलो आणि त्या वर्षी आमचं भाडं वाढलं. आमच्या मंडळींनी नरसव्वाला ते कधी माफ केलं नाही, पण उंबऱ्यावरच्या त्या ताण्याचं लुगडं तिने दिलं होतं ते मात्र सणासुदीला आवर्जून नेसत राहिल्या.

कार्ड आल्यावर दोन आठवड्यांनी, पाडव्याच्या आधी मी गेलो. छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने सोलापूर. आळी ओळखू येत होती आणि येत नव्हतीही. दारांना रंग, दारांपुढे तुळशी, नळावर घागरींची रांग. नरसव्वाच्या दारातून आत बघितलं तर माग तसाच, अर्धं विणलेलं लुगडं तसंच. शेवटच्या वर्षात तिला दिसत कमी होतं म्हणून उजेडासाठी व्यंकटीने माग दाराशी ओढून दिला होता आणि ताणा पुन्हा पूर्वीसारखा उंबऱ्यावरून गेला होता. या खेपेला कडेला फट ठेवली होती, घरची माणसं तिच्यातून अंग चोरून जात-येत. ती गेली त्या सकाळी चार माणसं खांदा द्यायला उभी राहिली तेव्हा लक्षात आलं की तिरडी त्या फटीतून निघणार नाही. ताणा सोडावा असं कुणीतरी म्हणालं. पण तिच्या हातचं सूत, तिच्या डोळ्यांदेखत… कुणाचा हात होईना. ओलांडायचं तर कुणी मनातही आणलं नाही.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

उत्तर दिलं राजय्याने. तो आता पार वाकलाय, उंबऱ्यावर बसून होता. त्या दोन घरांमधलं भोक काही बुजलं नव्हतं. तू बुजव, तू बुजव करत दोघांनी इतकी वर्षं काढली होती आणि कालवणाच्या वाट्या तिथून इकडेतिकडे जात होत्या. राजय्याने पहार आणली, भोक मोठं केलं आणि नरसव्वाला आपल्या घरातून, आपल्या दारातून बाहेर काढलं. बाहेर आळीतला प्रत्येक माणूस आपापल्या दारात उभा होता. हे सांगताना राजय्या म्हणाला, “माजं मढं जाईल म्हनलो हुतो या दारातनं. पैली तीच गेली की ओ.” आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

निघताना अंबव्वा म्हणाली, दर पाडव्याला आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई, चौकटीवरचा नंबर स्वतः डांबराने गिरवायच्या, यंदा घरात सण नाही, पण नंबर पुसट झालाय. तिने डबा आणि कुंचला आणून माझ्या हातात दिला. किती वर्षांनी धरला असेल. स्टुलावर चढलो, व्यंकटीने खालून धरलं. शेवटचा आकडा वाकडा आला आणि डांबराचा ओघळ चौकटीवरून खाली उतरला. मी ओशाळलो. म्हटलं, पुसून पुन्हा काढतो.

अंबव्वाने नळाच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. “ऱ्हाऊ द्या की,” ती म्हणाली. “आकडा वाकडा आसंल. दार तर हाय.”